मेघालीचं दार

मेघाली तामोरेशी वाद घालून कोणी जिंकल्याचं मला माहीत नाही. मी स्वतः तर पुष्कळदा हरलोय. शाळेत ती माझ्याच वर्गात होती. तेव्हा वाद पेन्सिलीवरून व्हायचे, आता वाळूवरून होतात. मी घरं बांधून देतो, आणि माझ्या वाळूचा ट्रक तिच्या सुकत घातलेल्या बोंबलांच्या जरा जवळ उभा राहिला, की सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात ती माझा उद्धार करते. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी तिचं कौतुक करणार आहे. ते भिडेपोटी केलं असं कोणाला वाटायला नको.

आमचं गाव बोईसरहून पश्चिमेला, समुद्राला टेकून. आळीत घराला घर लागलेलं. दोन घरांत मिळून एक भिंत. मुलगा वेगळा निघाला तरी बापाच्या भिंतीला भिंत लावूनच बांधतो. मध्ये बोळ सोडला तर गाव समजतं, काहीतरी बिनसलं. मला बांधकामवाल्याला याचा भयंकर जाच होतो. परांची बांधायला जागा नाही, आणि एकाच्या भिंतीला छिन्नी लावली की दुसऱ्याच्या फळीवरच्या बरण्या खाली येतात. तरी मी माझं घरही तसंच बांधलं आहे, वडिलांच्या भिंतीला चिकटून.

मेघाली लग्न होऊन डहाणूच्या पलीकडे गेली होती. काही वर्षांनी परत आली. का आली ते तिने कधी सांगितलं नाही आणि आळीने विचारायचं कधी सोडलं नाही. धाकटा भाऊ कमलेश बोटीवर तांडेल आहे, म्हणजे बोट त्याच्या हुकमावर चालते. पण घरात त्याच्या तोंडून दिवसाला चार शब्द निघाले तर खूप. त्याने काही न विचारता घराच्या बाजूच्या पडवीतली जाळी कोपऱ्यात सरकवली आणि बहिणीची खाट टाकली. त्या पडवीला दार नव्हतं. जुन्या साडीचा पडदा होता. जाळी, बादल्या, बर्फाची खोकी, सगळं तिथेच. त्यामुळे ज्याला जे हवं तो पडदा सारून आत शिरायचा. मेघाली झोपलेली असो की केस विंचरत असो, येऊ का म्हणून कोणी विचारलं नाही. त्यात कोणाचा वाईट हेतू नव्हता. पडद्याशी थांबायची सवयच कोणाला नव्हती.

भावावर तिने भार टाकला नाही. सुके बोंबील करते आणि बोईसरच्या बाजारात नेऊन विकते. आमच्याकडे बोंबील सुकवायला किनाऱ्यावर बांबू रोवतात आणि त्यांना आडव्या दोऱ्या ताणतात, एकीच्या वर एक. ओल्या बोंबलांची जोडी जबड्यात जबडा अडकवून दोरीवर टांगायची. किनारा थोडा आणि बायका जास्त, म्हणून अशा एका मांडवावर दोन घरांचा माल असतो. वरच्या दोऱ्या एकीच्या, खालच्या दुसरीच्या. मेघालीच्या मांडवावर शेजारची हंसाकाकी आहे. काकीचा हात वर पोचत नाही, म्हणून खालच्या दोऱ्या तिच्या आणि वरच्या मेघालीच्या. आजवर कोणता बोंबील कोणाचा यावरून तिथे शब्द झालेला नाही, आणि आमच्या आळीत असं दुसऱ्या कशाबद्दल म्हणता येणार नाही.

गेल्याच्या गेल्या दिवाळीनंतर कमलेशने घर पाडून नवं बांधायचं ठरवलं आणि मला बोलावलं. कौलं फुटलेली, वासे वाळवीने खाल्लेले. जागा मात्र पाटाएवढी. खाली बैठकीची खोली, स्वयंपाकघर आणि जाळी ठेवायला कोपरा, वर दोन खोल्या, एवढं मी कसंबसं बसवलं. जिना उरला. जिना कुठे घालायचा? पडवीत. दुसरीकडे तो बसतच नव्हता, आणि मी तसं ओट्यावर बसून सगळ्यांसमोर सांगितलं.

कमलेश नकाशाकडे बघत राहिला. त्याची बायको दीपा हळूच म्हणाली, "ताईंसाठी सरावलीला खोली बघू या काय? मेहुल राहतो त्या बिल्डिंगीत. नळाला पाणी हाय. बाजारपण त्यांना जवळ पडेल."

दीपा वाईट बाई नाही. तिने मनापासून सोय बघितली होती. पण बोईसरजवळच्या त्या सरावलीला गेलं की काय होतं ते आम्हाला मेहुलवरून कळलं होतं. मेहुल कमलेशचा चुलतभाऊ. तारापूरकडच्या एका कंपनीत पाळीवर जातो म्हणून तिकडे राहायला गेला. आता सणाला येतो, जेवतो, आणि अंधार पडायच्या आत रिक्षा बघतो. आळीत भिंत नसलेलं माणूस आमच्याकडे पाहुणा होतं. त्यात मेघालीच्या तर मांडवावरच्या दोऱ्याही जाणार होत्या, कारण ज्याचं आळीत घर त्याचाच मांडवावर वाटा. सरावलीची खोली म्हणजे तिचं माहेर गेलं आणि धंदाही गेला.

ती पायरीवर बसून खोक्याला सुतळी बांधत होती. आता आपली कंबख्ती भरली म्हणून मी सावरून बसलो. पण तिने गाठ मारली, खोकं उचललं आणि आत गेली. मेघाली गप्प बसलेली मी पहिल्यांदा बघितली, आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

आता खेळाचं सांगतो. त्यातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. मेघालीने मला ज्या शब्दांत समजावलं त्याच शब्दांत लिहितो.

मोबाईलवर एक ठोकळे रचायचा खेळ आहे. माती, लाकूड, दगड, सगळ्याचे चौकोनी ठोकळे. ते खणायचे, आणायचे आणि त्यांचं हवं ते बांधायचं. पुष्कळ जण आपापल्या फोनवरून एकाच दुनियेत खेळू शकतात. मेहुलने सरावलीच्या त्या खोलीत बसून आमची आळी बांधायला घेतली होती. विहीर, मंदिर, किनारा, ओढून ठेवलेल्या बोटी, भिंतीला भिंत लागलेली घरं, सगळं. आळीतली मुलं त्यात शिरली, आणि कमलेशची मुलगी रिद्धी सगळ्यांच्या पुढे. शाळा सुटली की ती कावळे हाकायला मांडवाशी बसायची. पण मोबाईल हातात आल्यापासून कावळ्यांची चंगळ झाली होती.

नकाशाची बोलणी झाली त्याच आठवड्यात मेघालीने रिद्धीच्या हातातून मोबाईल ओढून घेतला. "काय हाय एवढं त्यात?"

"आत्या, ही आपली आळी."

मेघालीने बघितलं. ओटा ओळखला, विहीर ओळखली, माझं घर बघून त्याला नावं ठेवली. मग म्हणाली, "माझं कुठं हाय?"

रिद्धी गोंधळली. मेहुलने आळी जशी आठवली तशी बांधली होती, आणि त्याच्या आठवणीत पडवीत नुसती जाळी होती. "तू आमच्याकडेच ना, आत्या," असं काहीतरी ती बोलली.

"आन ते ठोकळे इकडे," मेघाली म्हणाली.

त्या दिवसापासून ती त्या खेळाला चिकटली. बोटांना खवले, मोबाईलला मिठाचा थर. कमलेशच्या भिंतीला भिंत लावून, पडवीच्याच जागेवर, तिने स्वतःचं घर बांधलं. दार लावलं. रिद्धी सांगते, घर पुरं व्हायच्या आधी तिने दार लावलं होतं.

खरा घोळ त्यानंतर सुरू झाला. त्या खेळात वरच्या दुनियेखाली आणखी एक दुनिया असते, सगळीकडे आग आणि लाल दगड. काळ्या दगडाची चौकट उभी करून ती पेटवली की तिच्यात जांभळा पडदा हलायला लागतो. त्याला ही मंडळी पोर्टल म्हणतात. पोर्टलात उभं राहिलं की माणूस खालच्या दुनियेत उतरतो. खाली एक पाऊल चाललं की वरची आठ पावलं होतात. म्हणून लांब कुठे लाकूड-दगड आणायला जायचं तर सगळे खालून जातात आणि खालूनच परत येतात.

आळीत प्रत्येक घरात पोर्टल होतं. घरं एकमेकांना खेटून, त्यामुळे पोर्टलंही खेटून. आणि सगळ्यांचं एकच रडगाणं होतं. जाताना आपापल्या पोर्टलातून जा, परत येताना कमलेशच्या घरात उगवा. रिद्धीने सर्वांत आधी बांधलेलं ते पोर्टल. मुलांचं काही अडत नव्हतं, ती तिथून उड्या मारत आपल्या घरी जात. मेघालीचं अडलं. नवं घर, नवं दार, हौसेने बांधलेलं पोर्टल. लांबून दगड घेऊन आली की उभी कुठे? भावाच्या स्वयंपाकघरात.

"इथं पण मी याच्याच घरात?" तिने रिद्धीला विचारलं. रिद्धी हसली. आत्याचा चेहरा बघून गप्प झाली.

मेघालीने मेहुलला फोन लावला. त्याने सरळ उपाय सांगितला आणि तो चुकीचाही नव्हता. "ताई, पोर्टलांमधे अंतर लागतं. तुमी त्या टेकडीपलीकडे घर बांधा. तिथं जागा चिकार हाय. सगळे असंच करतात."

"तू सरावलीला गेलास म्हणून सगळ्यांनी जायचं काय?" म्हणून तिने फोन ठेवला. रिद्धीने शोधून दाखवलेले व्हिडिओही तेच सांगत होते. लांब जा, लांब बांधा. यावर मेघाली काय बोलली ते इथे लिहिता येणार नाही.

मग तिने मनावर घेतलं. दिवसभर मासे, आणि हात मोकळा झाला की पोर्टल. आधी पोर्टल मागच्या खोलीतून पुढच्या खोलीत आणलं. काही फरक पडला नाही. वरची आठ पावलं म्हणजे खालचं एक, मग चार पावलं सरकवून काय होणार? मग खालची जुनी चौकट तिने रागाने फोडून टाकली. खेळाने आपल्या मर्जीने भलतीकडेच नवी उभी केली, एका कड्याच्या टोकावर. मेघाली बाहेर पडली, एक पाऊल टाकलं आणि थेट उकळत्या आगीत. जमवलेलं सगळं जळून गेलं. तिने अशी आरोळी ठोकली की मांडवावरचे कावळे उडाले आणि हंसाकाकी भांडंभर पाणी घेऊन धावत आली.

"काय झाला? भाजलं काय?"

"सगळी जळले, काकी."

काकीने तिचे हात उलटसुलट करून बघितले, पाय बघितले, आणि शेवटी मोबाईल बघून ते पाणी स्वतःच पिऊन टाकलं.

पण त्या फजितीतून मेघालीला एक गोष्ट कळली, पोर्टल काय बघतं ते. "बाजारात नवं गिऱ्हाईक कसं करतं?" ती मला सांगत होती. "आत शिरलं की जी टोपली पयली लागेल तिच्यापाशी थांबतं. तसंच हाय हे. जवळचं दिसलं की तिथंच शिरतं. माझं गिऱ्हाईक माझ्याकडे यायचं तर त्याला सगळ्यांत जवळ मीच असले पाहिजे." ते खरं. पण भिंतीला भिंत असताना जवळचं आणि लांबचं वेगळं कसं करायचं, तिथे गाडी अडली. घर हलवायचं नाही यावर ती ठाम होती. आणि रिद्धीसुद्धा आता तिच्या बाजूने हट्टाला पेटली होती.

उत्तर मांडवाशी मिळालं. ती वरच्या दोरीवर बोंबील टांगत होती आणि हंसाकाकी खालच्या. काकी काहीतरी सांगत होती, सुनेची तक्रार असणार. मेघालीचा हात वर तसाच राहिला. तिने आपल्या दोरीकडे बघितलं, मग काकीच्या. दोघींचे पाय एकाच वाळूत आणि बांबूही तेच.

"रिद्धी!" ती ओरडली. "ते खाली गेल्यावर आठाचं एक होतं, ते उंचीचंपण होतं काय?"

रिद्धीला माहीत नव्हतं. मेहुललाही माहीत नव्हतं. त्यांना उंचीची गरजच कधी पडली नव्हती. आपण कुठे उभे आहोत ते सांगणारे तीन आकडे त्या खेळात दिसतात. दोन जमिनीवरच्या जागेचे, आणि मधला उंचीचा. मेघालीने रिद्धीला पोर्टलातून वर-खाली करायला लावून ते पाठ केले. जमिनीचे दोन आकडे आठाने भागले जात होते. उंचीचा आकडा वर जेवढा तेवढाच खाली.

"म्हणजे वरची दोरी वरच राहते," मेघाली म्हणाली. रिद्धी सांगते, आत्या हे इतक्या हळू आवाजात बोलली की तिला आधी ऐकूच आलं नाही.

आता लांब व्हायचं ते उंचीने, भिंत न सोडता. ती कामाला लागली. खेळातल्या आपल्या घरावर तिने मजला चढवला, त्यावर गच्ची काढली, गच्चीवर पोर्टल नेलं, आणि तिथे जायला बाहेरच्या बाजूने जिना काढला. मग खालच्या दुनियेत बरोबर त्या जागी, बरोबर त्याच उंचीवर, दुसरी चौकट उभी करायची होती. तिथे जमीन नव्हती. उकळत्या आगीवर दगडांचा खांब रचत, स्वतः त्याच्या टोकावर उभी राहून, एक एक ठोकळा पायाखाली घालत ती वर चढली. रिद्धीने डोळे मिटून घेतले होते. रिद्धीची खालची चौकटही तिने फोडून योग्य उंचीला बांधून दिली, कमलेशच्या तळमजल्याची. मग दोघी आपापल्या पोर्टलातून निघाल्या, खाली थोडं चालल्या आणि परत फिरल्या.

रिद्धी आपल्या स्वयंपाकघरात उतरली. मेघाली आपल्या गच्चीवर.

तिने मोबाईल हंसाकाकीच्या डोळ्यांपुढे धरला. "काकी, बघ. माझ्या दारात उतरले."

"मग काय दुसऱ्याच्या उतरणार?" काकी म्हणाली आणि सुका जवळा पाखडायला लागली.

पुढच्या रविवारी मेहुल फरसाण घेऊन आला. तिच्या पोर्टलातून दहादा गेला, दहादा आला, आणि प्रत्येक वेळी "अरे वा" म्हणाला. मग दोघांनी मिळून अख्खी आळी लावून काढली. एकाचं पोर्टल तळघरात, शेजारच्याचं ओट्याच्या पातळीला, पुढच्याचं गच्चीवर, आणि खालच्या दुनियेत त्याच उंचीवर त्यांच्या जोड्या, मांडवावरच्या दोऱ्यांसारख्या. एकही घर जागचं हललं नाही. मेहुलने खेळातलं आपल्या वडिलांचं घरही तळघर काढून पुन्हा बांधलं, पोर्टलासकट. जाताना त्याने रिक्षा बघायची घाई केली नाही, हे माझ्या लक्षात आलं.

बातमी पसरली. मेहुलचे खेळातले दोस्त कुठले कुठले, नाशिकचे, सांगलीचे. पोर्टलं बिघडली की ते पोर्टलवाल्या ताईंना फोन करू लागले. बाजारात ती एका हाताने बोंबील मोजतेय आणि फोनवर कोणाला तरी झापतेय हे मी स्वतः ऐकलंय. "उंची बघितलीस? नाय ना? मग आधी उंची बघ आणि मग फोन कर." समोरची गिऱ्हाइकं बुचकळ्यात पडायची. तिच्याकडे मदत मागणं म्हणजे आधी शिव्या खाणं. पण काम झाल्याशिवाय तिने कोणाला सोडलं नाही. ही तिची जुनी खोड आहे. गणिताचं उत्तर मला शाळेतही ती बोलणी ऐकवूनच देत असे, पण देत असे.

होळी जवळ आली होती. होळीनंतर कमलेशचं घर पाडायचं ठरलं होतं. मी बेटेगावला एक स्लॅब टाकत होतो. स्लॅब चालू असताना मी देवाशीही बोलत नाही. पण मेघाली बाजारातून परत जाताना रिकाम्या खोक्यांसकट रिक्षातून उतरली आणि सरळ माझ्यापुढे उभी राहिली.

"सुजीत, नकाशा बदल."

"आत्ता?"

तिने मोबाईल पुढे केला. तिचं ते घर, बाहेरचा जिना, गच्ची. "पडवीत जिना येतो ना? येऊ दे. पडवी गेली तरी चालेल. पण जिना पयल्या मजल्यावर थांबवू नको, आणखी वर ने. बाहेरून. वर माझी खोली. खाली कमलेश, मधे कमलेश, वर मी. ना मी त्यांच्या घरातून जायची, ना ते माझ्या. दार माझं वेगळं."

मी तिला सांगितलं की मोबाईलवर ठोकळे रचणं वेगळं आणि घर बांधणं वेगळं. इथे वजन असतं. वरचा मजला खालच्या खांबांवर बसतो, आणि मी खांब एका मजल्याच्या हिशेबाने काढलेत.

"पाया खणलास?"

"नाही अजून."

"मग खांब जाड घाल."

मी उन्हाचं काढलं, गच्चीवरची खोली तव्यासारखी तापते. ती म्हणाली, अर्ध्या गच्चीवर दोऱ्या बांधीन, ऊन मला हवंच हाय. मी वाऱ्याचं काढलं. ती म्हणाली, सुकायला वारा लागतोच. मी म्हटलं, खर्च? ती म्हणाली, "वरचं माझं मी बघते. बोंबील काय मजेखातर विकते?" माझ्याकडचे मुद्दे संपले. तेवढ्यात मिक्सर बंद पडला आणि मी गवंड्यावर ओरडत सुटलो, म्हणून इभ्रत वाचली.

त्याच संध्याकाळी कमलेशच्या ओट्यावर मी नवा नकाशा ठेवला. कमलेश बघत बसला. दीपाच्या कपाळाला आठी पडली. "ताईंच्या गुडघ्यांना एवढा जिना झेपेल काय? आणि लोक काय म्हणतील? नणंदेला गच्चीवर चढवली म्हणतील."

"लोकांना मी बघते," मेघाली म्हणाली. मग भावाकडे वळली, आणि तिचा आवाज बसला. "कमलेश, तुझ्या घरात मला जागा नको. पण या आळीतून मी जाणार नाय. तुझी भिंत सोडणार नाय. वर दोरीएवढी जागा दे."

कमलेशने नकाशा उलटा केला, पुन्हा सुलटा केला. त्याच्या मनात काय चाललंय ते समुद्रालाही कळत नसेल. मग रिद्धी उठली. तिने मोबाईल बापाच्या हातात दिला. "पप्पा, आत्याच्या पोर्टलात उभे राहा. हां. आता खाली जा. आता परत फिरा."

त्याचे ते दोरखंड ओढणारे अंगठे काचेवर नीट चालेनात. पण गेला. खाली आगीच्या दुनियेत गेला, परत फिरला, पडदा जांभळा झाला, आणि तो बहिणीच्या गच्चीवर उभा राहिला. तिथून आळीची सगळी छपरं दिसत होती, पलीकडे मेहुलने मांडलेल्या बोटी. 

"आपलं घर कुठं हाय?"

"पायाखाली," रिद्धी म्हणाली. "तुमी आत्याकडे आलात."

कमलेशने मोबाईल तिला परत दिला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "सुजीत, खांब जाड घाल."

 मेघाली तोंडाला पदर लावून उठली आणि मांडवाकडे निघून गेली. दीपा नकाशावर वाकली होती. तिने थोडा वेळ बोट फिरवलं, मग विचारलं, "वर पाण्याची टाकी कुठं बसवणार?" तेव्हा मला कळलं की काम झालं.

घर बांधताना मेघालीने माझ्या नाकी नऊ आणले. ती हंसाकाकीकडे राहायला गेली होती, म्हणजे माझ्या साइटपासून हाकेच्या अंतरावर. जिन्याची एक पायरी जरा उंच झाली म्हणून तिने मला ती फोडायला लावली. सिमेंटमध्ये पाणी जास्त झालं की तिला वासाने कळायचं, असं ती म्हणते. पावसाळा गेल्यावर रंग झाला. गच्चीवर तिच्या दोऱ्या ताणल्या, पण किनाऱ्याच्या मांडवावरची वरची दोरीही तिचीच राहिली. हंसाकाकीने ती दुसऱ्या कोणाला देऊ दिली नाही.

गृहप्रवेशाच्या दिवशी खाली पूजा झाली, जेवणावळ झाली, मेहुल बायको-मुलासह सकाळपासून आला होता. संध्याकाळी मंडळी पांगली. मी वर मेघालीच्या खोलीत होतो, कारण दाराची कडी बसत नव्हती आणि ती बसल्याशिवाय मला घरी जायची परवानगी नव्हती. मेघाली आपल्या जुन्या खाटेवर बसून मला सूचना करत होती. दिवसभरात दोनदा ती सवयीने कमलेशच्या खोलीत शिरली होती आणि जीभ चावून वर आली होती.

जिन्यात पावलं वाजली. दीपा होती. हातात झाकलेलं ताट. दार अर्धं उघडंच होतं, मी त्यालाच लागलो होतो. ती सरळ आत येऊ शकली असती. त्या पडवीत ती रोज पडदा सारून शिरत होती, बादलीसाठी, जाळ्यासाठी, कशासाठीही. पण ती उंबऱ्याशी थांबली. ताट डाव्या हातात घेतलं आणि उजव्या हाताने दारावर टकटक केलं.

"ताई, येऊ काय?"

 ज्या बाईला प्रत्येकाला द्यायला उत्तर असतं, ती माझ्याकडे बघायला लागली. मी मान खाली घालून कानस घासत राहिलो. तिचे डोळे भरून आले. ती उठली, दाराशी आली आणि अर्धं उघडं दार तिने पुरतं उघडलं.

"ये ना," ती म्हणाली. "ये. बस."

दीपा खाटेवर टेकली. ताटात तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण होतं.  मग मेघालीला तिचा नेहमीचा आवाज सापडला.

"सुजीत, ती कडी लागते काय, की उद्यावर ढकलतोस?"

मी दार लावून पाहिलं. कडी बसली.